विश्लेषण : बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणाऱ्या राजाने शाळा सक्तीची कशी केली?

शाळा सुरू झाल्या की दरवर्षी तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. पटावर नाव आहे, पण मूल वर्गात नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर मुलेही निघतात. पाचवीत पोहोचलेल्या मुलाला दुसरीचा धडा धड वाचता येत नाही. वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेचे पुढे काय करायचे, यावर वाद होतो. हे सगळे प्रश्न आजचे वाटतात, पण सव्वाशे वर्षांपूर्वी बडोदे संस्थानात त्यांना समोरासमोर भिडावे लागले होते. भारतात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा पहिला प्रयोग तिथे झाला. तो करणारे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) स्वतः बारा वर्षांचे होईपर्यंत शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्या आयुष्याकडे आणि त्या प्रयोगाच्या यशापयशाकडे पाहिले, तर सार्वजनिक शाळा कशाने चालते आणि कशाने अडते हे बरेचसे कळते.

शेतकऱ्याचा मुलगा राजा कसा झाला?

सयाजीरावांचे मूळ नाव गोपाळ. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणा गावी ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील काशीराव गायकवाड हे राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले. नाते मोठे असले तरी जगणे साध्या शेतकऱ्याचे होते. गुरे, शेत आणि गाव एवढेच गोपाळचे जग होते.

१८७५ मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप झाला. चौकशी आयोगातील सदस्यांचे त्यावर एकमत झाले नाही, तरीही गैरकारभाराचे कारण पुढे करून सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. गादीला वारस हवा होता. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास गेले. तिथे का आलात असे मुलांना विचारले असता गोपाळने राज्य करायला आलो असे सांगितले, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. त्या वेळी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

त्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले?

राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे आला, तर बालराजाच्या शिक्षणाची जबाबदारी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याकडे गेली. ज्या वयात इतर मुले प्राथमिक शाळा संपवतात, त्या वयात सयाजीरावांनी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या चार भाषा त्यांना एकाच वेळी शिकायच्या होत्या. त्याच्या जोडीला गणित, इतिहास, भूगोल, घोडेस्वारी आणि कसरत होती. पुढे माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपात आली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले. गाव सोडताना अक्षरशून्य असलेला मुलगा सहा वर्षांत सरकारी कागद वाचून त्यावर स्वतःचा शेरा लिहू लागला होता. हे साध्य झाले ते उत्तम शिक्षक, ठरलेला वेळ आणि चिकाटी यांमुळे. पण ही सोय राजवाड्यातल्या एकाच मुलाला मिळाली होती. कवळाण्यात मागे राहिलेल्या त्याच्या वयाच्या मुलांना ती मिळण्याची शक्यता नव्हती. पुढच्या आयुष्यातल्या त्यांच्या धोरणाचे मूळ या फरकात दिसते.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना कुठून आली?

त्या काळी ब्रिटिश सरकारचा भर वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होता. वरचे लोक शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे गृहीत धरले जाई. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या धोरणावर नेमके बोट ठेवले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थरावर होतो, हे दाखवून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. फुले आणि सयाजीराव यांचा परिचय होता. ‘शेतकऱ्याचा असूड’मधील भाग फुल्यांनी महाराजांना वाचून दाखवल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे उभे राहू लागले आणि १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. १८८७ पासून सयाजीरावांचे युरोपचे प्रवास सुरू झाले. शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहणे हा त्या प्रवासांचा ठरलेला भाग असे. मात्र परत आल्यावर त्यांनी लगेच हुकूम काढला नाही. आधी गावोगाव शाळा उघडण्याचे काम हाती घेतले. मुलाला शाळेत पाठवा असे सांगायचे तर गावात शाळा हवी, ही साधी गोष्ट त्यांनी आधी पाहिली.

पहिला प्रयोग अमरेलीतच का?

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत होते आणि मध्ये ब्रिटिश मुलूख व इतर संस्थाने पसरलेली होती. अमरेली काठियावाडात, राजधानीपासून दूर. १८९३ मध्ये अमरेली शहर आणि आसपासची काही खेडी एवढ्यापुरतीच सक्ती लागू झाली. मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा ठेवली. फी नव्हती. विनाकारण गैरहजर राहिल्यास पालकांना दंड होई. आजारपणासारख्या कारणांसाठी सूट होती.

पुढे टप्प्याटप्प्याने तालुक्यातली बाकीची गावे त्यात घेतली गेली. आजच्या भाषेत याला पथदर्शी प्रकल्प म्हणता येईल. लहान क्षेत्र घ्यायचे, अडचणी कागदावर उतरवायच्या, नियम सुधारायचे आणि मग पुढे जायचे. तेरा वर्षे हा प्रयोग चालला. मधल्या काळात १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ येऊन गेला. गुजरात-काठियावाडात तो छप्पनिया म्हणून आजही ओळखला जातो. ज्या घरात दाणा नाही, त्या घरातले मूल शाळेत येत नाही, हा धडा त्या वर्षांनी दिला. तरीही प्रयोग गुंडाळला गेला नाही. १९०६ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा संपूर्ण संस्थानासाठी करण्यात आला. त्या वेळी संस्थानाची लोकसंख्या सुमारे २० लाख होती.

लोकांनी तो सहज स्वीकारला का?

नाही. गरीब घरात सात-आठ वर्षांचे मूल म्हणजे कामाचे दोन हात. गुरे वळणे, राखण करणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असत. मूल शाळेत गेले की फी माफ होते, पण त्याची मजुरी बुडते. तिची भरपाई कुणी देत नव्हते. त्यामुळे दंड आकारले जात, पण वसूल करणे अवघड जाई. दंड भरूनही मूल घरीच ठेवणारे पालक होते. नाव घालायचे आणि हजेरीला दांडी मारायची, ही पळवाटही निघाली.

दुसरी अडचण शिक्षकांची. शाळा एकदम वाढल्या की शिकवणारे तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत. लहान गावात एकच शिक्षक सगळ्या इयत्ता सांभाळत असे. पगार बेताचा. म्हणून शिक्षक घडवणाऱ्या प्रशिक्षण शाळांकडे, आणि मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करण्याकडे, संस्थानाला लक्ष द्यावे लागले. कायदा एका दिवसात छापून निघतो. शिक्षक घडायला वर्षे लागतात, हे बडोद्याच्या अनुभवातून स्पष्ट झाले.

गोखल्यांच्या विधेयकाशी याचा काय संबंध?

बडोद्याच्या प्रयोगाने एक युक्तिवाद मोडीत काढला. भारतीय समाज सक्तीच्या शिक्षणाला तयार नाही, असे ब्रिटिश अधिकारी सांगत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या हाती बडोद्याचे उदाहरण होते. एका भारतीय राजाला जे जमते ते साम्राज्याला का जमू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

विधेयक अतिशय सावध होते. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत आहेत, तिथल्याच स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याची मुभा त्यात होती. ६ ते १० वयाच्या मुलांपासून सुरुवात करायची होती. तरीही सरकारने खर्चाचे कारण पुढे केले आणि शेतमजूर मिळणार नाहीत या भीतीने काही जमीनदार सदस्यही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता कायदा झाला. ब्रिटिश मुलखाने पहिले छोटे पाऊल टाकले, तेव्हा अमरेलीच्या प्रयोगाला २५ वर्षे झाली होती.

मुलींचे काय झाले?

सक्ती मुलींनाही लागू होती, हे बडोद्याचे मोठे वेगळेपण. गोखल्यांच्या विधेयकानेसुद्धा सुरुवात मुलांपासूनच करायचे ठरवले होते. मात्र बडोद्यातही मुलींची वयोमर्यादा दहावरच थांबत होती. कारण उघड होते. त्यानंतर लग्नाची बोलणी सुरू होत. १९०४ मध्ये संस्थानाने बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, तो या अर्थाने शिक्षणाचाही कायदा होता. मुलगी वर्गात टिकायची तर तिचे लग्न पुढे ढकलले गेले पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांना दिसत होते. अंमलबजावणी मात्र इथेही कठीण गेली. अनेक पालक दंड भरून लग्ने उरकत.

सयाजीरावांच्या घरातही हा बदल घडला. पहिल्या पत्नी चिमणाबाई यांचे १८८५ मध्ये निधन झाले. त्यानंतर देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांचेही नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. त्यांचे शिक्षण लग्नानंतर झाले. पुढे त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथाचे सहलेखन केले आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. स्त्रीशिक्षणाचा प्रश्न हाच त्या अधिवेशनाच्या केंद्रस्थानी होता.

अस्पृश्य आणि आदिवासी मुलांपर्यंत शाळा पोहोचली का?

अधिकार हाती येताच, १८८२-८३ च्या सुमारास, सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू केल्या. नवसारी प्रांतातल्या सोनगढला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. फी नव्हती आणि पुस्तकेही सरकारी खर्चाने मिळत. पण शिकवणार कोण? सवर्ण हिंदू शिक्षक अस्पृश्यांच्या वस्तीत जायला तयार होईनात. अनेक ठिकाणी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना या कामासाठी बोलावण्यात आले. त्यांच्या देखरेखीखाली शाळा आणि वसतिगृहांचे काम वाढले. १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्ष सयाजीराव होते. या परिषदेमागे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते.

या धोरणाचे सर्वांत मोठे फळ आणि सर्वांत कटू मर्यादा एकाच विद्यार्थ्याच्या आयुष्यात दिसते. भीमराव आंबेडकर यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयातल्या शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये संस्थानाने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्यानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यात आले. अमेरिकेतून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते ओळख लपवून राहिले. ओळख कळताच काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीतले शिपाई कागद लांबूनच टाकत. अखेर त्यांनी बडोदे सोडले.

हे ज्या राज्यात घडले, तिथे अस्पृश्यांच्या शाळा सुरू होऊन पस्तीस वर्षे होत आली होती. राजाची इच्छा होती, कायदा होता, शिष्यवृत्तीही होती, पण शेजार बदलला नव्हता. त्याचे एक कारण शाळेच्या रचनेतही होते. अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. एकाच गावातली मुले एका बाकावर बसतच नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अशा वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. बडोद्यात ते व्हायला सयाजीरावांच्या कारकिर्दीची अखेर जवळ आली होती.

शाळा संपल्यावर मुले अक्षर विसरत होती, त्यावर उपाय काय काढला?

सक्तीमुळे मूल चार-पाच वर्षे शाळेत आले, पण पुढे काय? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. दहा-बारा वर्षांचे मूल शेतात परतले की काही वर्षांत वाचणे विसरून जाई. म्हणजे सरकारचा पैसा आणि मुलाचे कष्ट दोन्ही वाया. ही गळती बडोद्याने ओळखली आणि तिच्यावर ग्रंथालयांचा उपाय शोधला.

अमेरिकेच्या दौऱ्यात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले. राजवाड्यातला सुमारे २० हजार पुस्तकांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. खेड्यांसाठी सूत्र सोपे होते. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच स्थानिक मंडळ देई आणि तेवढीच सरकार. गावाचा पैसा असल्यामुळे ग्रंथालय गावाला आपले वाटे. जिथे हेही शक्य नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. एका गावात पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी रवाना होई. वाचता न येणाऱ्यांसाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रांचे खेळ होते. शेकडो गावांत अशी ग्रंथालये उभी राहिली.

पुस्तके इंग्रजी असून भागणार नव्हते. म्हणून दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढून मराठी आणि गुजरातीत ग्रंथ लिहून घेतले, भाषांतरे करवली. सयाजी साहित्यमालेतली ही पुस्तके महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतात. हाताने काम करणाऱ्यांसाठी १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले होते. तिथे विणकाम, रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय शिकवले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे कलाभवनाचे विद्यार्थी होते.

या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे हे सगळे राजाच्या इच्छेवर उभे होते. सयाजीराव प्रकृतीच्या कारणाने वर्षातले अनेक महिने परदेशात असत आणि त्यावर टीकाही होई. दुसरी म्हणजे दंडावर दिलेला भर. घराची मजुरी बुडते, त्याचे उत्तर दंडात नव्हते. तिसरी म्हणजे पट आणि प्रत्यक्ष शिकणे यांतले अंतर. मुले दाखल झाली, पण एका शिक्षकाच्या गर्दीच्या वर्गात ती किती शिकली, हा प्रश्न उरलाच. चौथी मर्यादा जातीने वेगळ्या केलेल्या शाळांची.

तरीही सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा शाळा ही राज्याची जबाबदारी आहे, ती पालकाची ऐपत पाहून मिळायची गोष्ट नाही, हे बडोद्यात रुजलेले होते. उर्वरित देशात ते कायद्यात यायला खूप वेळ लागला. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. या कायद्याने बंधन पालकाऐवजी प्रामुख्याने सरकारवर टाकले. अमरेलीपासून तिथवर यायला ११७ वर्षे लागली.

आजच्या शाळेसाठी यात काय आहे?

बडोद्याने जो क्रम लावला तो अजूनही उपयोगी आहे. आधी चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा, मग फी माफ, मग सक्ती, त्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शाळा सुटल्यावरही हाती पडेल असे पुस्तक. यातली एक कडी निखळली की बाकीचा खर्च वाया जातो, हे तिथे दिसले. आज गणवेश, पाठ्यपुस्तके आणि शाळेतला आहार यांमुळे गरीब घराच्या तोट्याची थोडीफार भरपाई होते. छप्पनियाच्या वर्षी अमरेलीत ज्याची उणीव भासली, ते हेच. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे लागतात, त्यामागेही हाच विचार आहे.

शिक्षक आणि पुस्तक या दोन कड्या मात्र अजून कच्च्या आहेत. अनेक गावांत शाळेची इमारत आहे, पण वाचनाची पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. ती मुलांच्या हाती देण्यासाठी नवा कायदा लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या खेड्यांत पुस्तकांची पेटी पोहोचत होती आणि वाचून झाली की पुढच्या गावी जात होती.